आखूड स्काउट रायफल: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

अमेरिकेत राहणाऱ्याने स्काउट रायफल, म्हणजे हातात धरून चालता येईल अशी आखूड, हलकी रायफल घ्यावी का, याचं उत्तर तुम्ही रायफल हातात घेऊन किती चालता यावर ठरतं. रेंजवर बाकाशी बसून शंभर यार्डांवर कागदाला भोकं पाडायची असतील, तर घेऊ नका. त्याच पैशात लांब आणि जड नळीची रायफल चांगली दुर्बीण लावून येते आणि गोळ्या जास्त जवळजवळ बसतात. पण डोंगरउतारावर, झुडपांतून दिवसभर चालायचं असेल आणि बार दोनशे यार्डांच्या आत, एखाद्या झाडाला टेकून किंवा मांडी घालून काढायचा असेल, तर या जातीच्या रायफलीइतकी हाताला बसणारी दुसरी वस्तू कमी दिसते. अट एकच: तिच्यातलं काय खरोखर उपयोगाचं आहे आणि काय केवळ परंपरेने चालत आलंय, हे घेण्याआधी वेगळं काढता आलं पाहिजे.

ही कल्पना जेफ कूपर यांची. कूपर अमेरिकन मरीन अधिकारी होते. १९७६ मध्ये त्यांनी अॅरिझोनात पॉल्डनजवळ नेमबाजीची शाळा काढली, तीच आज गनसाइट म्हणून ओळखली जाते. १९८३ आणि १९८४ मध्ये त्यांनी तिथे जाणकारांना बोलावून एका सर्वोपयोगी रायफलीची मोजमापं ठरवली. लांबी एक मीटरच्या आत. वजन दुर्बीण आणि पट्ट्यासकट, रिकामी असताना, शक्यतो तीन किलो आणि फार तर साडेतीन. काडतूस .३०८ विंचेस्टर, आणि सैनिकी काडतुसांवर बंदी असलेल्या देशांत ७ एमएम-०८. कमी ताकदीची दुर्बीण पुढे नळीवर, आणि ती फुटली तर हाताशी साधी लोखंडी माशी व मागे मोठ्या भोकाची कडी. नेम धरताना हाताला आधार देणारा पट्टा. अचूकता कोनाच्या दोन मिनिटांची, म्हणजे दोनशे यार्डांवर सगळ्या गोळ्या साधारण चार इंचांत. दोनशे किलोपर्यंतच्या जनावराला एका गोळीत पाडता यावं, आणि तेही चालवणाऱ्याला नेम साधेल त्या कुठल्याही अंतरावर, एवढी त्यांची अपेक्षा.

यातला मुख्य मुद्दा लांबी आणि वजनाचा आहे. आजही तोच टिकून आहे. तीन किलोची, मीटरभर लांबीची रायफल एका हातात मॅगझीनपाशी (काडतुसांच्या डब्यापाशी), म्हणजे तोलाच्या जागी धरून तासन्‌तास चालता येतं, आणि जनावर उठलं की ती थेट खांद्यावर येते. साडेचार किलोची रायफल खांद्याला अडकवावी लागते, आणि खांद्यावरची रायफल वेळेवर हातात येत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी दोन्ही प्रकारच्या रायफली रिकाम्या करून अर्धा तास चढावर नेऊन पाहाव्यात.

पुढे लावलेल्या दुर्बिणीचं मात्र तसं नाही. तिच्यामागे तेव्हा तीन कारणं होती. दोन्ही डोळे उघडे ठेवून आजूबाजूचं दिसावं. बोल्टवरची (काडतूस नळीत ढकलणाऱ्या दांड्यावरची) जागा मोकळी राहून पट्टीतली पाच काडतुसं वरून एकदम दाबून भरता यावीत. आणि तोलाच्या जागी धरताना बोटांना दुर्बीण आडवी येऊ नये. यातलं दुसरं कारण आज जवळपास संपलंय, कारण आताच्या स्काउट रायफली काढता येणाऱ्या मॅगझीनवर चालतात. पहिल्या कारणाची धारही बोथट झाली आहे. आज एक पटीपासून सुरू होणाऱ्या दुर्बिणी मिळतात आणि त्या डोळ्याजवळ लावूनही दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. उरलं तिसरं. ते खरं आहे, पण एवढ्या एका गोष्टीसाठी बरंच सोसावं लागतं.

काय सोसावं लागतं ते नीट बघू. साध्या दुर्बिणीत डोळा काचेपासून तीन-चार इंचांवर असतो, स्काउट दुर्बिणीत नऊ-दहा इंचांवर. त्यामुळे दिसणारा पट्टा अरुंद होतो. अडीच पटीच्या जुन्या ल्युपोल्ड स्काउट दुर्बिणीत शंभर यार्डांवर जेमतेम बावीस फूट रुंदी दिसते. आधुनिक १-६ पटीच्या दुर्बिणीत एक पटीवर शंभर फुटांहून जास्त दिसते. दुसरी अडचण सूर्याची. डोळा आणि काच यांच्यात मोकळी जागा असल्यामुळे सकाळी किंवा सायंकाळी ऊन पाठीमागून आलं की ते सरळ मागच्या काचेवर पडतं आणि चित्र पांढुरकं पडून नाहीसं होतं. साध्या दुर्बिणीत डोक्याचीच सावली काचेवर असते, म्हणून तिथे हा त्रास जाणवत नाही. हरणं फिरतात ती नेमकी याच दोन वेळांना, तेव्हा हा दोष किरकोळ म्हणता येणार नाही. अंधुक उजेडात शिंगांचे फाटे मोजायचे असतील तर साधी दुर्बीणच हवी.

मग दुर्बीण बसवायला नळीवर जो रेल असतो त्याचं काय करायचं? तिथे हलका रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारं नेमाचं साधन लावा. हा उपाय मला सर्वांत पटतो, आणि त्यामागे वजनाचा हिशेब आहे. उदाहरण अमेरिकेच्या रुगर कंपनीच्या गनसाइट स्काउटचं. रिकामी सात पौंड, म्हणजे सुमारे ३.१८ किलो. वर अडीच पटीची हलकी स्काउट दुर्बीण सुमारे २१० ग्रॅम, ती बसवायच्या कड्या १३० ग्रॅम, पट्टा १५० ग्रॅम. बेरीज ३.६७ किलो, म्हणजे कूपर यांची वरची मर्यादा एकही काडतूस न भरता ओलांडली. दुर्बीण २-७ पटीची असेल तर आणखी दीडशे ग्रॅमच्या आसपास चढतात. त्याऐवजी बैठकीसकट शंभर ग्रॅमचा छोटा रेड डॉट लावला तर एकूण ३.४३ किलो. मर्यादा पाळली जाते, मागून ऊन आलं तरी ठिपका फारसा बिघडत नाही आणि डोळा कुठेही असला तरी चालतं. दोन मिनिटांचा ठिपका दोनशे यार्डांवर चार इंच झाकतो. हरणाच्या छातीच्या माऱ्यासाठी तेवढं पुरतं. दोनशेच्या पुढे जाणार असाल तर मात्र १.५-५ पटीची हलकी दुर्बीण रायफलीवर नेहमीच्या जागी, डोळ्याजवळ बसवा. वीस मिलिमीटर काचेच्या अशा दुर्बिणी २७० ग्रॅमच्या घरात मिळतात.

आता बाजारातल्या रायफली. रुगरची गनसाइट स्काउट २०११ मध्ये आली आणि आजही बहुतेकांची पहिली निवड तीच असते. आत जुनं, मजबूत एम७७ यंत्र, मॉझर पद्धतीचा लांब पंजा. काडतूस मॅगझीनमधून सुटल्याबरोबर पंजात अडकतं, त्यामुळे रायफल तिरकी असो की उलटी, ते बाहेर निसटत नाही आणि बोल्ट अर्धाच मागे ओढून पुढे ढकलला तरी दोन काडतुसं एकमेकांत अडकण्याची शक्यता कमी असते. बोल्टमागच्या बटणाला तीन जागा आहेत: मागे केलं तर बोल्टही बंद, मधे ठेवलं तर चाप बंद पण बोल्ट उघडता येतो, पुढे केलं की बार काढायला मोकळी. रायफल रिकामी करताना मधली जागा वापरायची. नळी साडेसोळा इंच, तोंडाशी ज्वाला विझवणारा पिंजरा, पुढे दोन्ही बाजूंनी कान असलेली माशी, मागे वर-खाली आणि डावी-उजवी होणारी कडी.

दस्त्याच्या टोकाला अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या तीन चकत्या येतात. सगळ्या काढल्या तर दस्ता पावणेतेरा इंच, सगळ्या लावल्या तर सव्वाचौदा. ही सोय लोक दुर्लक्षून टाकतात, आणि ती मोठी आहे. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना, विशेषतः बायकांना, अमेरिकन मापाचा दस्ता लांब पडतो. लांब दस्त्याची रायफल खांद्यावर येताना काखेत अडकते, मान पुढे ताणावी लागते आणि मग नेहमीच्या जागी लावलेल्या दुर्बिणीत काळी कड दिसू लागते. थंडीत जाड जॅकेट घातलं की अर्धा इंच तसाच वाढतो, तेव्हा हिवाळ्यासाठी एक चकती कमी ठेवा. चकत्या काढायला मागच्या रबराचे दोन स्क्रू सोडवावे लागतात. रबराच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालण्याआधी त्याच्या दांड्याला थोडा साबण लावा, नाहीतर रबर फाटतं.

दस्ता आपल्या मापाचा आहे की नाही हे दुकानातच कळतं. रायफल रिकामी असल्याची खात्री विक्रेत्यासमोर करा, मॅगझीन काढा, बोल्ट उघडून नळीच्या मागच्या टोकाला, काडतूस बसतं त्या चेंबरमध्ये, बोट घालून पाहा. मग सुरक्षित दिशेकडे तोंड करून डोळे मिटा, रायफल खांद्यावर आणा, गाल टेकवा आणि डोळे उघडा. मागच्या कडीच्या मध्यात माशी दिसली तर माप बरोबर. माशी कडीच्या खाली बुडालेली दिसली तर गाल खूप खाली जातोय. मान हलवूनच ती सापडत असेल तर चकत्या बदलून पुन्हा बघा.

या रायफलीचा खरा दोष मॅगझीनमध्ये आहे आणि त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. दहा काडतुसांचं मॅगझीन पोटाखाली बरंच बाहेर येतं, आणि येतं ते नेमकं तोलाच्या जागी, जिथे चालताना मूठ बसायला हवी तिथे. म्हणजे जिच्या हातात धरण्याच्या सोयीसाठी एवढा आटापिटा केला, ती रायफल नीट हातातच धरता येत नाही. झोपून नेम धरतानाही मॅगझीन जमिनीला टेकतं आणि रायफल हवी तेवढी खाली येत नाही. उपाय स्वस्तात होतो: तीन किंवा पाच काडतुसांचं मॅगझीन वेगळं घ्या आणि चालताना तेच लावा. शिकारीच्या नियमांतही बऱ्याच राज्यांना कमीच काडतुसं चालतात. दहाचं मॅगझीन रेंजसाठी राहू द्या.

ऑस्ट्रियाची स्टायर स्काउट ही कूपर यांच्या देखरेखीखाली घडलेली, १९९०च्या दशकाच्या शेवटी आलेली. नळी एकोणीस इंच, वजन सुमारे तीन किलो. दस्त्याच्या पुढच्या भागातच दोन पाय घडी घालून बसवलेले. पाच काडतुसांचं मॅगझीन पोटाशी सपाट बसतं, म्हणून हात बरोबर तोलाच्या जागी मावतो, आणि दुसरं मॅगझीन दस्त्याच्या मागच्या खोबणीत राहतं. मॅगझीनला अडकायला दोन पायऱ्या आहेत. ते खालच्या पायरीवर ओढलं की बोल्ट त्यातलं काडतूस उचलत नाही, तुम्ही एकेक काडतूस वरून टाकून बार काढता आणि भरलेलं मॅगझीन राखून ठेवता. कल्पनेला सर्वांत प्रामाणिक हीच. किमतीला मात्र दोन हजार डॉलरच्या आसपास जाते, तर रुगर साधारण हजार ते चौदाशेत मिळते. खूप चालणाऱ्या, एकच रायफल ठेवणाऱ्या माणसाने स्टायरचे जादा पैसे मोजावेत असं मला वाटतं. वर्षातून दोनदा बाहेर पडणाऱ्याने नाही.

आखूड नळीबद्दल भीती आणि बढाया दोन्ही ऐकू येतात. .३०८ हे आखूड नळी चांगली सोसणारं काडतूस आहे. इंचामागे साधारण वीस ते पंचवीस फूट वेग जातो. दीडशे ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी चोवीस इंची नळीतून सेकंदाला २८०० फुटांच्या थोडी वर निघते, साडेसोळा इंचांतून २६०० ते २६५०. दोनशे यार्डांपर्यंत याचा फरक जनावराला कळत नाही. फरक पडतो तो पुढे. तांब्याच्या एकसंध गोळ्या नीट फुलायला बऱ्याचदा दोन हजार फुटांच्या आसपास वेग लागतो, आणि या नळीतून तो तीनशे यार्डांच्या सुमारास संपतो. म्हणून तीनशेच्या पुढे या रायफलीने जनावरावर बार काढू नये, तुम्ही कितीही तरबेज असा. शिशाच्या गाभ्याची मऊ टोकाची गोळी थोडी आणखी लांब काम करते, पण माझी मर्यादा तीच राहील. वजनात १५० ते १६५ ग्रेन घ्या, दहा इंचाला एक पीळ असलेली नळी ती छान सांभाळते. शिसंबंदी असलेल्या राज्यात, उदाहरणार्थ कॅलिफोर्नियात, शिकारीला तांब्याची किंवा दुसरी शिसं नसलेलीच गोळी लागते हे विसरू नका.

आवाज ही दुसरी किंमत. साडेसोळा इंचांच्या तोंडाशी वायूंचा दाब अजून बराच असतो, म्हणून स्फोट मोठा होतो. ज्वाला विझवणारा पिंजरा उजेड कमी करतो, आवाज नाही. बंद रेंजमध्ये कानात फोमचे बोळे आणि वरून कानटोप, दोन्ही वापरा. आवाज कमी करणारा सायलेन्सर लावायचा असेल तर पिंजरा काढून त्याच आट्यांवर तो बसतो (.३०८ साठी सामान्यतः पाच अष्टमांश इंच, चोवीस आटे). सायलेन्सरवरचा दोनशे डॉलरचा संघीय कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला आहे, पण नोंदणी आणि मंजुरी अजून लागतेच, आणि काही राज्यांत तो मुळातच बंद आहे.

झिरो करण्याची, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी जुळवण्याची पद्धत. पंचवीस यार्डांपासून सुरुवात करा. पुठ्ठ्यावर एक इंचाचा चौकोन काढा, रायफल पिशव्यांवर टेकवा. पिशवी पुढच्या लाकडाखाली हवी, नळीखाली कधीच नको, कारण नळी टेकली की गोळी वर उडते. तीन बार काढा, त्यांचा मध्य धरा. एका टिचकीला (क्लिकला) पाव मिनिट सरकणाऱ्या दुर्बिणीत या अंतरावर एक इंच सरकायला सोळा टिचक्या लागतात. लोक शंभर यार्डांच्या हिशेबाने चारच टिचक्या देतात आणि दुर्बीण बिघडली म्हणतात. दुर्बीण नळीपासून दीड इंच वर असेल आणि पंचवीस यार्डांवर गोळी नेमकी बसवली, तर १५० ग्रेनची गोळी शंभरावर दोन ते अडीच इंच वर, दोनशेवर जवळपास मध्यावर आणि तीनशेवर आठ-नऊ इंच खाली बसते. हा अंदाज झाला. शंभरावर आणि दोनशेवर प्रत्यक्ष बार काढून खात्री केल्याशिवाय जंगलात जाऊ नये. हलकी नळी लवकर तापते आणि चौथी-पाचवी गोळी भटकू लागते, तेव्हा तीन बारांनंतर बोल्ट उघडा ठेवून नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. शिकारीत महत्त्वाची गोळी म्हणजे थंड नळीतली पहिली. ती कुठे बसते ते वेगळ्या कागदावर, वेगवेगळ्या दिवशी नोंदवत जा.

अचूकता एकाएकी बिघडली तर आधी स्क्रू बघा. नळीवरच्या रेलचे स्क्रू उष्णतेने आणि दणक्याने ढिले होतात. ते काढून, आटे पुसून, निळा थ्रेडलॉकर लावून पंधरा ते वीस इंच-पौंडांनी आवळा. लाल थ्रेडलॉकर वापरू नका, पुढे काढताना स्क्रूचं डोकं जातं. मग दस्त्याचे स्क्रू. एम७७ चा पुढचा स्क्रू सरळ नसून तिरका असतो आणि तो यंत्राला खाली व मागे असं दोन्हीकडे ओढतो. म्हणून तो सर्वांत आधी आणि सर्वांत घट्ट, साधारण ९५ इंच-पौंडांनी आवळायचा, मग मागचा. मधला स्क्रू फक्त टेकेपर्यंत. तो जोर लावून आवळला तर यंत्र मधोमध वाकतं आणि गोळ्या विखरू लागतात. पुष्कळ रायफलींचं दुखणं एवढ्यावरच थांबतं. रुगरचा चाप जड आहे, साडेचार-पाच पौंडांचा. तो घरी कानशीने घासू नका. तयार चाप मिळतात, किंवा बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून स्प्रिंग बदलून घ्या.

लोखंडी कडी आणि साधी दुर्बीण यांचं जमत नाही, हे घेतल्यावर कळून उपयोग नाही. रुगरची मागची कडी दुर्बिणीच्या मागच्या बैठकीवरच असते. दुर्बीण लावायची तर कडी काढावी लागते, म्हणजे दुर्बीण फुटल्यावरचा आधार गेला. दोन्ही हवं असेल तर रिसीव्हरपासून (यंत्राच्या मुख्य खोक्यापासून) नळीपर्यंत सलग जाणारा, स्वतःचीच कडी असलेला रेल एक्सएस साइट्सकडून मिळतो. दुर्बिणीच्या कड्या झटपट सुटणाऱ्या घ्या, आणि दुर्बीण काढून पुन्हा लावल्यावर झिरो टिकतो का ते रेंजवर बघा.

पट्ट्यावर थोडे पैसे घाला. साधा पट्टा खांद्याला अडकवण्यापुरता. पण कूपर यांच्या वर्तुळातल्या एरिक चिंग यांनी केलेल्या पट्ट्याला पुढे एक छोटा दुवा असतो. त्यात कोपराच्या वरपर्यंत दंड घातला की रायफल खांद्याशी घट्ट बांधली जाते आणि बसून काढलेल्या बाराचं डोलणं स्पष्ट कमी होतं. यासाठी मॅगझीनच्या पुढे पट्टा अडकवायची तिसरी खिळी लागते. ती नसेल तर दोन खिळ्यांवर चालणारा, सरकत्या फासाचा पट्टा घ्या. रेंजवर बाकापेक्षा या पट्ट्याने मांडी घालून सराव करण्यात काडतुसं खर्च करा. .३०८ चं सरावाचं काडतूस डॉलरच्या घरात पडतं, तेव्हा घरी रिकाम्या रायफलीवर, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, बसण्याचा आणि बोल्ट ओढण्याचा सराव रोज केलेला परवडतो. बोल्ट ओढताना रायफल खांद्यावरून उतरू नये, एवढं एक पथ्य.

स्वस्त पर्यायांकडे डोळसपणे बघा. रुगर अमेरिकन रँच या साध्या रायफलीला सोळा इंचांची आटे असलेली नळी आहे, ती स्काउटपेक्षा हलकी आहे आणि निम्म्या किमतीत येते. लोखंडी माशी नाही, यंत्र तितकं दणकट नाही. पण त्यावर छोटी दुर्बीण आणि चांगला पट्टा लावला की स्काउटचं ऐंशी टक्के काम होतं. वाचलेले पैसे काडतुसांवर गेले तर नेमबाज नक्की सुधारतो. टिक्का टी३एक्स थोडी लांब, पण बोल्ट लोण्यासारखा सरकतो आणि अचूकता स्काउटपेक्षा सरस. लोखंडी माशी, दणकट पंजा आणि मॅगझीन या तिन्हींचा तुम्ही खरंच वापर करणार असाल तरच गनसाइट स्काउट घ्या. यातली एकच गोष्ट हवी असेल तर बाकीच्यांचे पैसे फुकट जातात.

राज्याचे शिकारीचे नियम आधी वाचा, कारण त्यांवर काडतूस ठरतं. न्यू जर्सीत हरणावर सेंटरफायर (काडतुसाच्या तळाच्या मध्यावर ठोका देणारी, .३०८ सारखी) रायफल चालतच नाही, तिथे .३०८ फक्त रेंजपुरती. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात चालते, आणि तिथे हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफलीला परवानगी नाही, म्हणून बोल्टची रायफल अगदी योग्य ठरते. ओहायोत सरळ भिंतींचं, म्हणजे गोळीकडे बाटलीसारखं निमुळतं न होणारं काडतूस लागतं. गनसाइट स्काउट .४५० बुशमास्टरमध्येही निघाली आहे, ती या नियमात बसते, पण चेंबर धरून तीनच काडतुसं भरायची. नळी सोळा इंचांपेक्षा आखूड करण्याच्या फंदात पडू नका. त्या क्षणी ती संघीय कायद्यात वेगळ्या वर्गात जाते आणि नोंदणीशिवाय ठेवणं गुन्हा ठरतो.

एच-१बी, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असलेल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. संघीय कायद्याने बिगरस्थलांतरित व्हिसाधारकाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. ठळक अपवाद आहे वैध शिकार परवान्याचा. तो राज्याकडून रीतसर काढलेला, मुदतीतला हवा, आणि मुदत संपली की अपवादही संपतो. ग्रीनकार्डधारकाला ही अडचण नाही. दुकानात खरेदीचा ४४७३ क्रमांकाचा संघीय अर्ज भरावा लागतो आणि त्यातल्या चुकीच्या उत्तराची शिक्षा जबर आहे. न्यू जर्सीत वेगळं खरेदीदार ओळखपत्र, इलिनॉयमध्ये एफओआयडी हे बंदूक बाळगणाऱ्याचं ओळखपत्र लागतं. नवरा ग्रीनकार्डवर आणि बायको किंवा आईवडील व्हिसावर असतील, तर तिजोरीची किल्ली वा आकडा कोणाकडे आहे यालाही महत्त्व आहे, कारण हाताशी असणं हेही बाळगणं ठरू शकतं. स्थलांतरविषयक वकिलाला एकदा विचारणं रायफलीपेक्षा स्वस्त पडतं. भारतात ती नेण्याचा विचारही करू नका. तिकडे मोजके अपवाद सोडले तर खासगी माणसाला आयात बंद आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर फक्त दोन शस्त्रं ठेवता येतात, आणि शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मज्जाव आहे.

तरी या विषयात भारताचा एक जुना दुवा आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने ली-एनफिल्डचं यंत्र जास्त बळकट पोलादात, ७.६२ काडतुसासाठी (.३०८ च्या सैनिकी रूपासाठी) बनवलं. ती २ए आणि २ए१ रायफल. पुढे त्या अमेरिकेत जुन्या मालात आल्या आणि हौशी लोकांनी नळीवरचं मागचं नेमाचं साधन काढून तिथे रेल बसवून, नळी आखूड करून त्यांच्या गरिबाच्या स्काउट रायफली केल्या. बोल्ट अतिशय वेगाने चालतो. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत ७.६२ ची काडतुसं होत आली आहेत, त्यामुळे हे काडतूस मराठी मुलखाला परकं नाही. आज अशी जुनी ईशापूर मिळाली तर घ्यायला हरकत नाही, पण बार काढण्याआधी बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून तीन गोष्टी तपासून घ्या. बोल्टवरचा आणि यंत्रावरचा क्रमांक एकच आहे का. गेज घालून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपासून काडतूस अडतं तिथपर्यंतचं अंतर, मर्यादेत आहे का. आणि नळी कापलेली असेल तर तोंड काटकोनात आहे का, लांबी सोळा इंचांच्या वर आहे का. लांबी बोल्ट बंद करून, तोंडातून काठी बोल्टच्या पृष्ठापर्यंत घालून मोजतात. तिच्यात साधी सैनिकी दाबाची काडतुसंच वापरा, वाढीव दाबाची नकोत. या यंत्राची कुलपं बोल्टच्या मागच्या बाजूला असतात, त्यामुळे दाबाखाली ते ताणतं आणि पितळी खोकं लवकर चिरतं. पहिल्या पाच बारांनंतर प्रत्येक खोकं उचलून तळापासून अर्ध्या इंचावर चकाकती रेघ दिसते का बघा. दिसली तर तिथेच थांबा आणि रायफल परत दुरुस्तीला द्या.